‘इरा’ म्हणजे दारू, असं काकांनी सांगितलं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. बारशाला तिचं नाव इरा ठेवलं. मीच ते इंटरनेटवरच्या एका यादीतून निवडलं होतं, तिथे ‘सरस्वती, पृथ्वी’ असा अर्थ दिला होता. गणपतीत सगळे जमले असताना यजमानांच्या काकांनी (ते संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत) अमरकोश काढून सर्वांसमोर वाचून दाखवलं की इरा म्हणजे दारू. तेव्हा सगळे हसले, मीही हसले. पण तेव्हापासून सासूबाईंनी धोशा लावलाय, की जन्मदाखल्यावर अजून नाव चढलेलं नाही, तर आजेसासूबाईंचं ‘इंदिरा’ हे नाव लावून टाकू. त्यात पाळणाघरात आणखी दोन इरा निघाल्या. परदेशातली माझी बहीण म्हणते, तिकडे हे पुरुषांचं नाव आहे. यजमान म्हणतात, ‘तुम्ही दोघी ठरवा.’ आता लेकीला हाक मारतानाही मी अडखळते. अर्थ नीट न बघता चारचौघींसारखं नाव ठेवलं, आई म्हणून पहिल्याच कामात चुकले असं वाटतं. नाव बदलू का?

उत्तर:

काकांपासून सुरुवात करू, कारण ते खोटं बोललेले नाहीत. अमरकोशात ओळ आहे, ‘इरा भूवाक्सुराप्सु स्यात्’. भू, वाक्, सुरा आणि अप्. म्हणजे जमीन, वाणी, मद्य आणि पाणी, या चार अर्थांनी इरा हा शब्द येतो. काकांनी चारातला तिसरा उचलला आणि टाळी घेतली. तुमच्या यादीने पहिले दोन उचलले, वाणीवरून थेट सरस्वती गाठली आणि तिसऱ्याचं नावही काढलं नाही. दोघांनी वाचलं एकाच शब्दाबद्दल, आपापल्या सोयीपुरतं.

पण कोशात चार अर्थ एका रांगेत बसलेले दिसतात, त्यातला जुना कोणता हे तिथे कळत नाही. त्यासाठी मागे जावं लागतं. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात पर्जन्याचं एक सूक्त आहे. वारे सुटतात, विजा कोसळतात, वनस्पती वर येतात, असं वर्णन चालू असताना मध्येच येतं, ‘इरा विश्वस्मै भुवनाय जायते’. पर्जन्य पृथ्वीला भिजवतो तेव्हा सगळ्या जगासाठी इरा उपजते. इथे इरा म्हणजे अन्न, पोषण, तरतरी आणणारा रस. रसावरून पेय आणि पेयावरून मद्य, हा पुढचा प्रवास समजायला अवघड नाही. पुराणांत इरा ही दक्षाची मुलगी, कश्यपाची बायको, आणि झाडं, वेली, गवत ही तिची संतती. ‘इरावती’ म्हणजे भरपूर पाणी असलेली, म्हणून ते नदीचं नाव. पंजाबातल्या रावीचं जुनं नाव इरावतीच. समुद्रमंथनातून वर आलेल्या ऐरावताच्या नावातही हीच इरा आहे.

आणि ब्रह्मदेशातली मोठी नदी इरावती. १९०५ साली त्या देशात, मिंज्यान गावी, तिथे नोकरीला असलेल्या करमरकर नावाच्या मराठी इंजिनिअरला मुलगी झाली. तिचं नाव त्या नदीवरून ठेवलं. पुढे ती पुण्याला आली, शिकली, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आली, आणि ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे म्हणून महाराष्ट्राने तिला ओळखलं. जवळची माणसं त्यांना इरू म्हणत. कोश चाळून या नावावर हरकत घेणारा तेव्हाही कोणी निघाला असता, तर त्याला मुद्दा सापडला असताच.

आता काकांच्या पद्धतीने जरा इतर नावं तपासू. ज्या अमरकोशात इरा आहे, त्याच अमरकोशात ‘हरि’ या शब्दाला विष्णू, इंद्र, चंद्र, सूर्य, सिंह, घोडा यांच्याबरोबर पोपट, साप, माकड आणि बेडूक हेही अर्थ आहेत. गावोगावच्या हरिभाऊंना आजवर कोणी बेडूकभाऊ म्हटल्याचं ऐकिवात नाही. सीता म्हणजे नांगराने पडलेली रेघ. दुर्गा म्हणजे जिथे पोचणं कठीण अशी. कृष्णा म्हणजे काळी. आणि थेट मद्याचंच नाव हवं असेल तर वसुदेवाच्या बायकांमध्ये देवकी आणि रोहिणी यांच्याबरोबर एक मदिराही आहे. तिच्या आईवडिलांना घरचं वडीलधारं कोणी काही बोललं का, ते पुराणात दिलेलं नाही.

कुठलाही जुना शब्द उकरला तर खालून दोनचार विसंगत अर्थ निघतात. ‘नावाचा खरा अर्थ’ असा एकच कुठेतरी कोशात लिहून ठेवलेला असतो, आणि तो न बघता नाव ठेवणं ही आईची हयगय, हे तुमच्या पत्रातलं गृहीतक मला मुळातच पटत नाही.

शास्त्राचं म्हणाल तर तेही मजेदार आहे. पारस्कर गृह्यसूत्रात सांगितलंय की मुलीच्या नावात अक्षरं विषम असावीत आणि शेवटी ‘आ’ असावा. त्या हिशेबाने इरा नापास, दोनच अक्षरं. पण मग सीता, उमा, राधा, रमा याही नापास. इंदिरा मात्र तीन अक्षरी, आकारान्त, पहिल्या वर्गात पास. (हे सासूबाईंना मुद्दाम सांगायला जाऊ नका.) मनुस्मृती तर आणखी पुढे जाते. नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी यांचं नाव असलेल्या मुलीशी लग्नच करू नये म्हणते. आणि आपल्याकडच्या पणज्या कोण? गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तुळसा, रोहिणी. पोथी एका बाजूला आणि पाळणा दुसऱ्या बाजूला, असंच पिढ्यान् पिढ्या चाललंय. लोकांनी नावं ठेवली ती कानाला गोड लागतात म्हणून, कोणाची तरी आठवण म्हणून, नवस म्हणून.

किंवा भीती म्हणून. मुलं जगत नसत त्या काळात पुढच्या मुलाला मुद्दाम धोंडू, दगडू, केरू, भिकू म्हणत, म्हणजे काळाची नजर जाऊ नये. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. इरावतीबाई त्यांच्याच सूनबाई. धोंडोंच्या घरात ‘पाणीदार’ सून आली, आणि दोन्ही नावं आज आपण तितक्याच आदराने घेतो.

मग अर्थ कधीच बघायचा नाही का? बघायचा, पण तो कुठे जिवंत आहे ते बघायचं. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन अडीचशेहून अधिक मुलींची नावं बदलली. या सगळ्या ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ होत्या, मुलगा हवा असताना झालेल्या मुली. त्या नावाचा अर्थ कळायला अमरकोश लागत नव्हता. शाळेत हजेरी घेताना, अंगणात खेळायला बोलावताना, दर वेळी तो अर्थ त्या मुलीला आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत होता. असं नाव बदलायलाच हवं होतं. तुमच्या इराला मात्र मधल्या सुट्टीत कोणी दारूवरून चिडवायचं तर त्या पोराला आधी अमरकोशाचा तिसरा कांड पाठ करावा लागेल. तो केलाच, तर मी त्याचं कौतुक करीन.

ज्यांना असाच प्रश्न पडलाय त्या बाकीच्या वाचकांनीही हीच कसोटी लावावी. आजूबाजूची माणसं रोज जी भाषा बोलतात, म्हणजे मराठी, हिंदी, तुमच्या भागात कन्नड किंवा उर्दू असेल तर तीही, त्या भाषेत ते नाव ऐकून कोणाला हसू येतं का, ओशाळायला होतं का? येत असेल तर दोनदा विचार करा. कोशातल्या मेलेल्या अर्थांना घाबरू नका. आणि इंटरनेटवरच्या याद्यांवर विसंबू नका. अमकं नाव म्हणजे ‘दुर्गेचं रूप’, तमकं म्हणजे ‘लक्ष्मीचा आशीर्वाद’, असं कुठल्याही शब्दापुढे तिथे लिहिलेलं असतं, मग तो शब्द संस्कृतातला असो की परवा कोणी जुळवलेला. बिनअर्थाचं नाव ठेवण्यातही मला काही गैर वाटत नाही, आवडलं म्हणून ठेवलं असं सरळ सांगावं. खोटा अर्थ चिकटवला की मात्र असा एखादा काका कुठेतरी बसलेलाच असतो.

आता पाळणाघरातल्या तीन इरा. ‘चारचौघींसारखं’ हे तुम्ही चुकांच्या यादीत धरलंय. तुमच्या स्वतःच्या वर्गात पूजा किती होत्या, आठवा. तुमच्या आईच्या वर्गात सुनीता, संगीता, वंदना, सुरेखा असणार. त्याआधीच्या पिढीत विमल, कमल, शांता, मालती, सुशीला, आणि हो, इंदिरा. मग स्नेहल, शीतल, अश्विनी आल्या. मग प्राजक्ता, सायली, ऋतुजा, तन्वी. शाळेचा जुना हजेरीपट हातात दिला तर नुसत्या मुलींच्या नावांवरून साल दहाएक वर्षांच्या फरकाने सांगता येईल. आजचा हजेरीपट दोन अक्षरांचा आहे: इरा, मीरा, ओवी, सई, स्वरा, रेवा. कारण उघड आहे. जोडाक्षर क्वचितच, आजीला म्हणता येतं, इंग्रजीत लिहायला सोपं, आणि उद्या मुलगी कुठेही गेली तरी नावाचे तुकडे होणार नाहीत, ही आईबापांची बेगमी. तुम्हाला ते नाव यादीत आवडलं ते तुमची निवड उथळ होती म्हणून नव्हे. तुमच्या पिढीच्या कानाला जे गोड लागतं तेच तुम्हालाही लागलं.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ‘यमुना’ असंच सगळीकडे असायचं. १८६०च्या दशकात जन्मलेल्या दोन यमुना तर तुम्हाला माहीत आहेत, पण वेगळ्या नावांनी. एक लग्नानंतर आनंदी झाली, अमेरिकेला जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी. दुसरी लग्नानंतर रमा झाली, सेवासदनच्या रमाबाई रानडे. तेव्हाच्या बहुतेक मुलींसारखं दोघींचं माहेरचं नाव ताम्हणातल्या तांदळांवर सासरचं नाव लिहिलं गेलं त्या दिवशी संपलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

हे मी मुद्दाम आणलं. कारण तुमच्या पत्रातला खरा अडसर मला अमरकोशात दिसत नाही. बारसं झालं, आत्याने कानात नाव सांगितलं, आठ महिने घर त्या नावाने हाक मारतंय. आणि आता एका विनोदाच्या निमित्ताने प्रश्न पुन्हा उघडला गेला. सासूबाईंना इंदिरा हे नाव बारशाच्या वेळीही हवं होतं का? तेव्हा त्यांना विचारलं होतं का? पत्रात ते नाही, पण बहुधा हवं होतं आणि बहुधा विचारलं नव्हतं. काकांनी त्यांना फक्त निमित्त पुरवलं. हा हट्ट आहे की आठवण आहे, हे त्यांच्याशी निवांत बसून बोलल्याशिवाय कळणार नाही. ‘आजी कशा होत्या हो? त्यांचं नाव का हवं वाटतं तुम्हाला?’ एवढंच विचारा. नावाच्या बाजूने किंवा विरोधात काही बोलू नका. एखादी हकीगत निघेल, किंवा ‘आमच्या घरात अशीच पद्धत आहे’ एवढंच उत्तर येईल. दोन्हींना द्यायचं वजन वेगवेगळं आहे.

आणि यजमानांचं ‘तुम्ही दोघी ठरवा’ मला अजिबात आवडलेलं नाही. आजी त्यांची, आई त्यांची, काका त्यांचे, मुलगी त्यांची. त्यांनी या प्रश्नातून अंग काढून घेतलं की तो सासू-सुनेचा होतो, आणि मग नाव कुठलंही ठरलं तरी एकीची हार होते. त्यांना आधी स्वतःचं मत द्यायला लावा. ते इंदिरा असलं तरी चालेल.

तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात. इरा तसंच ठेवणं ही पहिली. दुसरी इरावती: कागदावर इरावती, घरात इरा. पाळणाघरातल्या तीन इरांचाही प्रश्न पुढे शाळेत आपोआप सुटतो, आणि अर्थाबद्दल कोणी विचारलंच तर सांगायला अख्खी नदी आहे. तिसरी, कागदावर इंदिरा आणि हाक इरा. ऐकायला ही तडजोड सुंदर वाटते, कारण इंदिराचं लाडाचं रूप इरा सहज होऊ शकतं. इंदिरा म्हणजे लक्ष्मी, नाव जुनं आणि भारदस्त. सध्या रमा, मुक्ता, जानकी, अहिल्या ही पणज्यांची नावं पुन्हा पाळण्यात दिसू लागली आहेत. इंदिरा तितकीशी परतलेली दिसत नाही. माझ्या मते त्याचं कारण एकच, ते नाव एका पंतप्रधानांच्या नावाशी इतकं घट्ट जोडलं गेलंय की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी त्या येतात. तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल तर उत्तमच, वर्गात दुसरी इंदिरा निघण्याची शक्यता कमी.

तिसऱ्या वाटेबद्दल एक सावधगिरी. कागदावर एक आणि हाकेला दुसरं, ही आपल्याकडे जुनी रीत आहे, पण ती तेव्हाच निभते जेव्हा दोन्ही नावं घरातल्या सगळ्यांना मनापासून मान्य असतात. तुम्ही कागदावर इंदिरा लिहून आयुष्यभर ते नाव टाळणार असाल, किंवा सासूबाई हट्टाने इंदिराच म्हणणार आणि तुम्ही हट्टाने इराच, तर दोन नावं म्हणजे दोन तट होतील आणि मुलगी मधोमध. तसं वाटत असेल तर एकच नाव ठेवा.

मला विचाराल तर मी नाव बदलणार नाही. आठ महिन्यांची मुलगी हाक मारल्यावर मान वळवते. त्या नावाचा मालकी हक्क आता थोडा तिच्याकडे गेलाय. फार तर इरावती करीन, तेही सासूबाईंशी बोलून झाल्यावर आणि ते नाव तुम्हा दोघांना खरंच आवडत असेल तर. काकांना उत्तर म्हणून नको.

कागदांचं मात्र लांबवू नका. नावाशिवाय जन्मनोंद झालेली असेल तर नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढवता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुभा असते. पण एकदा नाव चढलं की नंतर मन बदललं म्हणून ते जन्मनोंदीत बदलून घेणं फार जिकिरीचं. म्हणून तुमच्या हातात साधारण चार महिने आहेत असं धरा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदारयादी अशा सगळ्या ठिकाणी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा झालाय. त्यामुळे आधार आणि बाकी सगळं दाखल्यावर नाव चढल्यानंतर, अक्षर न् अक्षर तेच ठेवून करा. इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा, आणि अंकशास्त्रासाठी जादा ‘ए’ किंवा ‘आय’ घुसवू नका, प्रत्येक खिडकीवर तेवढं एक अक्षर समजावून सांगत बसावं लागतं. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं सरकारी कागदपत्रांत पूर्ण नाव आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं आहे. म्हणजे तुमच्या लेकीच्या नावाला लागून तुमचं नाव येणार. तिन्ही पर्याय तुमच्या नावासकट मोठ्याने म्हणून बघा. जीभ कुठे अडखळते ते लगेच कळेल.

राहिली बहीण. तिचंही बरोबर आहे. हिब्रू बायबलमधलं इरा हे पुरुषाचं नाव, इंग्रजीत त्याचा उच्चार ‘आयरा’ होतो, गीतकार आयरा गर्श्विन त्यातलेच. पण रशियात इरा हे इरिनाचं लाडाचं रूप, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शांतता, आणि तिथे ते फक्त मुलींचं. उलट तिथे निकिता हे पक्कं पुरुषी नाव, निकिता ख्रुश्चेव्हसारखं, आणि आपल्याकडे किती निकिता दोन वेण्या घालून शाळेत गेल्या. बहिणीला तिच्या ओळखीतल्या एखाद्या निकिताचं नाव सांगा, ती हसेल.

काकांना चहाला बोलवा. कोश घेऊनच या म्हणावं, आणि या वेळी चारही अर्थ वाचा.